गिटारसाठीं व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक : नवशिक्यानें कोणता घ्यावा?

ज्यांच्या घरीं एके काळीं व्हॉल्व्हचा रेडिओ होता, त्या श्रोत्यांना एक गोष्ट आठवत असेल. कळ फिरविली कीं आवाज ताबडतोब येत नसे. पाठीमागच्या भोंकांच्या पुठ्ठ्यांतून आंत डोकावलें तर कांचेच्या नळ्यांत प्रथम तांबूस उजेड दिसे, मग बारीक गुणगुण ऐकूं येई, आणि थोड्या वेळानें निवेदकाचा आवाज दुरून चालत यावा तसा जवळ येई. पुढें ट्रॅन्झिस्टर आला, कळ दाबतांच आवाज येऊं लागला, आणि त्या कांचेच्या नळ्या माळ्यावर गेल्या. त्या कायमच्या गेल्या असें बहुतेकांस वाटतें. परंतु एका वर्गानें त्यांना सोडलेलें नाहीं. तो वर्ग म्हणजे विजेची गिटार वाजविणारांचा. खिशांत संगणकाच्या तोडीचा टेलिफोन बाळगणारे तरुण त्या जुन्या नळ्यांसाठीं आजही दाम मोजावयास तयार असतात. हा केवळ षोक आहे कीं त्यांत कांहीं तथ्य आहे, आणि तथ्य असल्यास ज्याच्या गांठीं पैसा बेताचा आहे अशा नवशिक्यानें काय घ्यावें, हें आज सांगावयाचें आहे.

उदाहरण डोळ्यांपुढें असलें म्हणजे बोलणें भरकटत नाहीं, म्हणून मी वढू बुद्रुक हें गांव घेतों. पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर कोरेगांव भीमापाशीं आंत वळलें म्हणजे हें गांव लागतें. छत्रपति संभाजी महाराजांच्या समाधीमुळें महाराष्ट्रांत तें ठाऊक नाहीं असा मनुष्य विरळा. तेथील एखादा तरुण सणसवाडीच्या कारखान्यांत नोकरीस लागला आहे, वर्षभरापासून गिटार शिकतो आहे, आणि पगारांतून शिल्लक टाकून त्यानें ध्वनिवर्धकासाठीं कांहीं रक्कम बाजूस ठेवली आहे, असें समजूं. हा तरुण माझ्या कल्पनेंतला आहे. त्याच्यापुढील प्रश्न मात्र कल्पनेंतले नाहींत. दुकान पुण्यास, दुरुस्ती करणारा पुण्यास, घराला लागून घर, आणि वीज आपल्या लहरीप्रमाणें कमीजास्त होणारी. त्याला जो ध्वनिवर्धक उपयोगीं पडेल तो सदाशिव पेठेंतल्या किंवा दादरच्या बिऱ्हाडांतही उपयोगीं पडेल. याच्या उलट मात्र खात्री देतां येत नाहीं.

आतां ध्वनिवर्धक म्हटला कीं गांवांत सर्वांच्या डोळ्यांपुढें कर्णा येतो. फाल्गुन वद्य अमावास्येला महाराजांच्या पुण्यतिथीस वढूला हजारों लोक लोटतात, तेव्हां वक्त्याचा शब्द शेवटच्या माणसापर्यंत जसाच्या तसा पोंचविणें हें कर्ण्याचें काम. त्यानें आपल्या पदरचें कांहीं घालूं नये. घातलें तर तो बिघडला असें आपण म्हणतों. गिटारच्या ध्वनिवर्धकाचें तसें नाहीं, आणि नवशिक्याची फसगत बहुधा येथूनच सुरू होते. विजेच्या गिटारला पोकळ पोट नसतें. ती भरीव लाकडाची फळी. तिच्यावरील पोलादी तारा कंप पावल्या म्हणजे खालच्या लोहचुंबकाभोंवतीं गुंडाळलेल्या वेटोळ्यांत विजेचा अगदीं क्षीण असा हेलकावा उत्पन्न होतो, एवढेंच. ध्वनिवर्धक आणि त्याचा स्पीकर हाच त्या गिटारचा भोपळा. मिरजेच्या कारागिरांपुढें जाऊन 'तंबोऱ्याचा भोपळा स्वस्तांतला, कसला तरी बसवा, स्वर तर तारेंतूनच येतो,' असें म्हणण्याची हिंमत कोणी करील काय?

तंबोऱ्याची गोष्ट निघालीच आहे तर जवारीचीही काढतों, कारण व्हॉल्व्हचें मर्म तिच्याइतकें दुसऱ्या कशानेंही स्पष्ट होणार नाहीं. घोडीचा माथा कानस लावून असा घडवितात कीं तार त्यावर किंचित् घासत कंप पावावी. निव्वळ तारेच्या शुद्ध कंपनाच्या दृष्टीनें ही अडचणच म्हणावयाची. पण त्या अडचणींतूनच स्वरांशांचा तो झळाळता पुंजका निघतो, ज्यावांचून तंबोरा मुका वाटतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं आपल्या तंतुवाद्यांवर निबंध लिहून दाखवून दिलें, कीं या घोडीमुळें जे स्वरांश नियमाप्रमाणें ऐकूंच येऊं नयेत तेही तंबोऱ्यांत स्पष्ट ऐकूं येतात. व्हॉल्व्ह गिटारच्या बाबतींत हेंच काम करतो. तो स्वर मोठा करतो, शिवाय त्याला जवारी लावतो.

हें कसें घडतें तें थोडक्यांत सांगतों. कांचेच्या नळींतील हवा काढून घेतलेली असते. मध्यभागीं एक नळकांडें तापत असतें; तापलें म्हणजे त्याच्यापासून ऋणविद्युत्कण सुटतात. बाहेरच्या पत्र्यावर मोठा धन दाब ठेवलेला असतो. तो त्या कणांना ओढून घेतो. एवढा भाग इंग्रज शास्त्रज्ञ फ्लेमिंग यानें १९०४ मध्यें साधला. दोन वर्षांनीं अमेरिकेंत ली डि फॉरेस्ट यानें मध्यें एक बारीक जाळी बसविली. त्या जाळीवर गिटारचा क्षीण हेलकावा पोंचविला, कीं कालव्याच्या दारावर एका माणसानें हात ठेवून पाण्याचा लोंढा आवरावा-सोडावा, तसा तो मोठ्या प्रवाहाला हालवितो. आतां वादकानें तार जोरानें छेडली आणि हेलकावा व्हॉल्व्हच्या आवांक्याबाहेर गेला, तर काय होतें? साध्या ट्रॅन्झिस्टरच्या यंत्रांत लाटेचा माथा सुरीनें कापल्यासारखा सपाट होतो आणि आवाज कर्कश फाटतो. व्हॉल्व्हमध्यें माथा हळूहळू वांकतो, गोलावतो. कानाला तें फाटणें न वाटतां भरणें वाटतें. हलकें वाजविलें तर स्वच्छ, जोरानें वाजविलें तर दाणेदार. आणि या दोहोंमधील सारी चढण वादकाच्या बोटांत राहते. ज्याला बोटांची शिस्त लावावयाची आहे त्याला ही गोष्ट मोलाची आहे, कारण असें यंत्र बोटाची चूक झांकीत नाहीं.

येथवर पटलें असेल तर पुढचा निष्कर्ष आपोआप निघतो, आणि तोच आजच्या भाषणाचा गाभा आहे. व्हॉल्व्ह आपला गुण दाखवितो तो आवांक्याच्या सीमेजवळ. म्हणून घरांत वाजविणारानें शक्तिमान् ध्वनिवर्धक घेणें म्हणजे जी वस्तु कधीं वापरावयाचीच नाहीं तिचे पैसे देणें होय.

दुकानांत वॉटचा आंकडा मोठ्या अक्षरांत लिहिलेला असतो, आणि आपल्याकडे अश्वशक्ति पाहून पंप घेण्याची संवय असल्यामुळें खरेदीदार त्या आंकड्यालाच भुलतो. पण कानाचा हिशेब पंपासारखा नाहीं. शक्ति दसपट केली तर आवाज सुमारें दुप्पट मोठा भासतो. म्हणजे ५० वॉटचा ध्वनिवर्धक ५ वॉटच्या ध्वनिवर्धकाहून दसपट मोठा वाजत नाहीं, दुप्पट वाजतो. १५ वॉट आणि ५ वॉट यांतील अंतर तर पांच डेसिबलसुद्धां नाहीं. आणि ५ वॉट म्हणजे काहीं खेळणें नव्हे. गिटारसाठीं बनविलेला बरा स्पीकर एका वॉटवर एक मीटर अंतरावर ९७ डेसिबलच्या घरांत आवाज देतो. त्याला पुरते ५ वॉट दिले तर तो १०४ डेसिबलपर्यंत जातो. कारखान्यांतील कामगारांच्या कानांविषयीं अमेरिकेंतील आरोग्यसंस्थेनें जी मर्यादा सुचविली आहे, ती ८५ डेसिबलला दिवसाकांठीं आठ तास अशी आहे, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करावा असा तिचा दंडक आहे. त्या हिशेबानें १०४ डेसिबलपुढें दिवसांतून सहा मिनिटांहून अधिक बसूं नये. आमचा तरुण कारखान्यांतला गोंगाट दिवसभर ऐकून घरीं येतो, हेंही त्यानें हिशेबांत धरावें. कान एकदां गेला म्हणजे तो कोणत्याही बाजारांत मिळत नाहीं.

शेजाऱ्यांचा प्रश्न याहून निकडीचा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें वस्तीच्या भागांत दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत मोकळ्या जागीं ध्वनिवर्धक वाजविण्यास मनाई आहे. नियम राहूं द्या. भिंतीपलीकडे कोणाची म्हातारी आई निजलेली असते, कोणाचें पोर परीक्षेला बसलेलें असतें. अशा घरांत ३० वॉटचा ध्वनिवर्धक आणला तर त्याची कळ दोनच्या पुढें कधीं जाणार नाहीं. व्हॉल्व्ह पेंगत राहतील, स्वर कोरडा येईल, आणि वादकाला वाटेल कीं व्हॉल्व्हची एवढी वाखाणणी लोक उगीच करतात.

जुन्या मंडळींना हें कळलें होतें. कॅलिफोर्नियांत लिओ फेंडर यानें १९४८ सालीं 'चॅम्पियन ८००' नांवाचा एक लहानसा ध्वनिवर्धक काढला तो शिकाऊ लोकांसाठींच. त्याच्याच वंशांत पुढें 'चॅम्प' झाला : आरंभीं एक लहान व्हॉल्व्ह, शेवटीं एक शक्तीचा व्हॉल्व्ह, विजेचा प्रवाह सरळ करणारा एक, आठ इंची स्पीकर, आणि शक्ति पांचएक वॉट. आवाजाची कळ एकच. गंमत अशी कीं हें शिकाऊचें यंत्र उस्तादांनींही सोडलें नाहीं. १९७० मध्यें मायामी येथें एरिक क्लॅप्टन आणि डुएन ऑलमन यांनीं 'लैला' या गीताच्या वेळचें ध्वनिमुद्रण केलें तें असल्याच लहान पेट्यांवर. ध्वनिमुद्रणाच्या खोलींत मोठा आवाज लागत नाहीं. लागतो तो भरलेला आवाज. घरची खोलीही त्याच जातीची.

तेव्हां माझा स्पष्ट अभिप्राय असा : घरासाठीं पहिला व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक ५ वॉटच्या आसपास असावा. पुढेंमागें चार मित्रांबरोबर तबला-ढोलकी नव्हे तर पाश्चात्य पद्धतीचे ड्रम असलेल्या मेळांत वाजवावयाचें निश्चित असेल तर १५ वॉटपर्यंत जावें. त्यापलीकडे नवशिक्याला काम नाहीं. शिवाय दोन सोयी पाहाव्या. एक, आरंभीच्या व्हॉल्व्हला जोर देऊन शेवटचा आवाज मात्र लहान ठेवतां येईल अशी वेगळी कळ, जिला दुकानांत 'मास्टर व्हॉल्यूम' म्हणतात. दुसरी, ५ वॉटवरून १ वॉटवर किंवा त्याच्याही खालीं उतरण्याचा खटका. बुगेरा या छापाच्या 'व्ही ५' पेटींत हा खटका एक वॉटवर आणि तेथून वॉटच्या दशांशावर उतरतो. या सोयींनीं मिळणारा स्वर पूर्ण जोरावर वाजणाऱ्या यंत्राच्या स्वराशीं तंतोतंत जुळत नाहीं, कारण शेवटचा व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांना तेवढा ताण पडत नाहीं. पण रात्रीं साडेनऊला सराव करणारानें एवढी तडजोड आनंदानें करावी.

वॉटमध्यें वांचविलेला पैसा स्पीकरमध्यें घालावा. जो स्पीकर त्याच शक्तीवर तीन डेसिबल अधिक देतो, तो ध्वनिवर्धकाची शक्ति दुप्पट करण्याचें काम फुकट करतो. लहान पेटींतला आठ इंची स्पीकर बहुधा डबड्यासारखा बोलतो. दहा किंवा बारा इंची असला तर खालचे स्वर उघडतात. पहिल्या खरेदींत तो परवडत नसेल तर निदान बाहेरचा स्पीकर जोडण्याचें भोंक पेटीला आहे ना, एवढें पाहून घ्यावें. जोडतांना ओहमचा आंकडा जुळवावा. ८ ओहमच्या भोंकाला ८ ओहमचा स्पीकर. आणि व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक स्पीकर न जोडतां कधींही चालूं करूं नये. ट्रॅन्झिस्टरच्या यंत्राला तें खपतें, व्हॉल्व्हच्या यंत्राला खपत नाहीं; त्याचा शेवटचा ट्रॅन्स्फॉर्मर त्यांत जळूं शकतो, आणि त्या पेटींतील महाग भागांपैकीं तो एक.

आतां दुरुस्तीचें. वढूहून पुणें तीसएक किलोमीटर. ध्वनिवर्धक बिघडला कीं एक रजा मोडली. म्हणून पेटींत जितकें कमी असेल तितकें बरें. नवीन बनावटीच्या पुष्कळ पेट्यांत व्हॉल्व्हबरोबर प्रतिध्वनि, कंप, संगणकी नक्कल अशी मांदियाळी भरलेली असते. त्यांतलें एक बिघडलें कीं सारी पाटी बदला म्हणून सांगतात. उलट एक-दोन व्हॉल्व्हचा साधा ध्वनिवर्धक म्हणजे आपल्या जुन्या रेडिओचा शेवटचा निम्मा भाग. युरोपीय बनावटीच्या अनेक रेडिओंत स्पीकर हालविणारा व्हॉल्व्ह ईएल ८४ हाच असे; आजच्या पांच वॉटच्या कित्येक गिटार-ध्वनिवर्धकांतही तोच आहे, आणि त्याचें काम तेव्हां होतें तेंच आहे : अडीचशें व्होल्टच्या दाबावर सतत तापत राहून पांच-साडेपांच वॉट आवाज देणें. पुण्याच्या बुधवार पेठेंत, तपकीर गल्लीच्या परिसरांत, किंवा मुंबईस लॅमिंग्टन रस्त्यावर ज्यानें व्हॉल्व्हचे रेडिओ हाताळले आहेत असा एखादा वयस्क कारागीर भेटला, तर त्याला गिटारचें नांवही न सांगतां ही पेटी समजेल. खरेदीपूर्वीं असा कारागीर शोधून ठेवावा. तो सांपडला नाहीं तर खरेदीचा विचार पुन्हा करावा, असेंही मी म्हणेन.

व्हॉल्व्ह झिजतात, म्हणून त्यांचा पुरवठाही पाहिला पाहिजे. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या १९५४ सालीं स्थापन झालेल्या सरकारी कारखान्यानें एके काळीं आपल्या देशांत व्हॉल्व्ह बनविले; त्यांतले कांहीं न वापरलेले जुने नग अधूनमधून बाजारांत दिसतात, आणि शौकीन ते जपून ठेवतात. नवे व्हॉल्व्ह येतात ते मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीन येथून. २०२२ च्या मार्चमध्यें रशियानें निर्यात अडविली तेव्हां जगभर टंचाई भासली आणि किंमती चढल्या. पुढें तो अडसर सैल झाला, पण धडा मिळाला तो मिळाला. यासाठीं ज्यांत सर्वत्र मिळणारे व्हॉल्व्ह आहेत अशीच पेटी घ्यावी : आरंभीं ईसीसी ८३, ज्याला अमेरिकन लोक १२ एएक्स ७ म्हणतात, शेवटीं ईएल ८४ किंवा ६ व्ही ६. दुर्मिळ नांवाचा व्हॉल्व्ह असला तर पेटी कितीही स्वस्त असो, हात जोडावे. एकच शक्तीचा व्हॉल्व्ह असलेल्या, त्यांतही आपला दाब आपण सांभाळणाऱ्या लहान पेटीचा आणखी एक फायदा असा, कीं व्हॉल्व्ह बदलतांना जोड्या जुळविण्याची खटपट लागत नाहीं. पेटी बंद करून, निवूं देऊन, जुना काढला आणि त्याच नांवाचा नवा सरळ बसविला कीं काम झालें.

एका मोहाविषयीं सांगितलेंच पाहिजे. आतां पुष्कळ घरांतला कोणी ना कोणी अमेरिकेंत असतो, आणि तेथें जुन्या पेट्या इकडच्यापेक्षां स्वस्त मिळतात. 'दादा येतांना घेऊन येतील' हा विचार साहजिक आहे. पण तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३०. ती पेटी तशीच आपल्या भिंतीवरील खोबणींत खुपसली तर नशीब असल्यास फ्यूज जाईल, नसल्यास ट्रॅन्स्फॉर्मर जाईल. मध्यें दाब उतरविणारा वेगळा ट्रॅन्स्फॉर्मर लावावा लागतो. तो पेटीच्या गरजेच्या निदान दीडपट ताकदीचा हवा. शिवाय तिकडील वीज सेकंदाला ६० आवर्तनांची आणि आपली ५० ची, त्यामुळें केवळ ६० साठीं बनविलेला ट्रॅन्स्फॉर्मर येथें अधिक तापतो. आणखी एक धोका आहे, आणि तो पैशाचा नाहीं. तिकडील फार जुन्या पेट्यांना दोनच तारांची दोरी असे. जमिनीला जोडणारी तिसरी तार नसे. अशी पेटी कारागिराकडून तीन तारांची करून घेतल्यावांचून घरांत वापरूं नये.

येथें थोडें थांबून बोलतों, कारण हा भाग जिवाचा आहे. गिटारच्या पोलादी तारा केबलमधून थेट ध्वनिवर्धकाच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेल्या असतात. सांगाडा भिंतीच्या खोबणींतील मोठ्या तिसऱ्या भोंकावाटे जमिनीला जोडलेला असला, तर आंत कांहीं बिघाड होऊन वीज सांगाड्यावर आली तरी ती जमिनींत जाते आणि फ्यूज उडतो. तो जोड नसला तर ती वाट वादकाच्या बोटांतून जाते. ३ मे १९७२ रोजीं वेल्समधील स्वान्सी येथें 'स्टोन द क्रोज' या मेळाचा गिटारवादक लेस हार्वे रंगमंचावर ध्वनिग्राहकाला हात लावतांच विजेच्या धक्क्यानें मरण पावला. त्याचा जमिनीशीं जोड बरोबर नव्हता. ही दूरदेशची गोष्ट म्हणून सोडूं नये. आपल्याकडे तीन दांड्यांचा प्लग खोबणींत बसेना तर जाड दांडी कापून टाकणारे महाभाग घरोघरीं आहेत, आणि ज्या खड्ड्यांत जमिनीची तार पुरलेली असते त्या खड्ड्याला बांधकामानंतर कोणी पाणी दाखवीत नाहीं. उन्हाळ्यांत माती वाळली, भेगाळली, कीं तार जमिनींत असूनही नसल्यासारखी होते. ध्वनिवर्धक घेण्यापूर्वीं वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावें, खड्ड्यांत मीठ-कोळसा घालून पाणी सोडावें, आणि घरांत तीस मिलिअँपियरचा गळती तोडणारा खटका नसेल तर तो बसवावा. या खर्चाला ध्वनिवर्धकाच्या किंमतीचाच भाग समजावा. आणि तो केल्यावर शिल्लक कमी पडली तर पेटी दोन महिने उशिरा घ्यावी.

त्याचप्रमाणें पेटीचें पाठ उघडून आंत हात घालूं नये. दोरी काढून ठेवली म्हणजे वीज गेली असें वाटतें. पण आंतील संचायकांत तीनशें व्होल्टच्या आसपासचा दाब दोरी काढल्यावरही पुष्कळ वेळ दबा धरून बसूं शकतो. हा घरच्या घरीं शिकण्याचा विषय नव्हे. उबेच्या ओढीनें पाली मात्र तेथें जाऊन बसतात, म्हणून पेटीवर कापड टाकावें, पण ती पूर्ण निवल्यावर. वाजतांना तिला वारा पाहिजे.

विजेच्या चढउताराला उपाय साधा आहे. शेतीचे पंप चालूं झाले कीं दाब उतरतो, बंद झाले कीं उसळतो. उतरलेल्या दाबानें व्हॉल्व्ह पुरता तापत नाहीं आणि स्वर मलूल होतो. वाढलेल्या दाबानें त्याचें आयुष्य घटतें. ५ वॉटची पेटी भिंतींतून तीस-चाळीस वॉटच घेते, तेव्हां दूरदर्शन-संचासाठीं मिळतो तसा लहान स्टॅबिलायझर पुरतो.

इतकी यादी ऐकून कोणी विचारील, नवशिक्याला हा व्याप हवाच कशाला? प्रश्न रास्त आहे. ज्याला शिकून अजून सहा महिने झालेले नाहींत, ज्याची बोटें एका पट्टीवरून दुसरीवर जातांना अडखळतात, त्यानें व्हॉल्व्हचा हट्ट धरूं नये. ट्रॅन्झिस्टरचा, किंवा व्हॉल्व्हची संगणकी नक्कल करणारा लहान ध्वनिवर्धक स्वस्त असतो, कानाला लावण्याच्या यंत्रावर मुकाट्यानें वाजतो, आणि आजची ही नक्कल इतकी साधली आहे कीं ध्वनिमुद्रणांत ओळखतांना जाणकारही चुकतात. गिटारच जर वाईट असेल, तारा पट्टीपासून उंच उठलेल्या असतील, सूर टिकत नसेल, तर आधीं पैसा तेथें घालावा. व्हॉल्व्हचें सुख नक्कलेंत सांपडत नाहीं तें एका जागीं : बोटाच्या दाबाबरोबर स्वर बदलतो तो अनुभव खोलींत, हवेंत, अंगावर घेण्याचें. तें ज्याला हवेंसें वाटूं लागलें, त्याची वेळ आली असें समजावें. वढूच्या आमच्या तरुणाची ती आली आहे, असें धरून चालूं.

दुकानांत जातांना स्वतःची गिटार घेऊन जावें. तेथील उंची गिटार कोणत्याही पेटींतून गोडच बोलेल. पेटी चालूं करून प्रथम कांहींही न जोडतां आवाजाची कळ वाढवावी. थोडी गुणगुण असणारच, पण ती घोंघावत असेल तर दुसरा नग मागावा. कळा फिरवितांना खरखर होते काय तें ऐकावें. नंतर पेन्सिलीच्या लांकडी टोंकानें व्हॉल्व्हवर अगदीं हलकी टिचकी मारावी. घंटेसारखा नाद स्पीकरमधून घुमला तर तो व्हॉल्व्ह सैल झाला आहे. मग एकच स्वर छेडून तो विझेपर्यंत ऐकावा. शेवटीं चर्र असा फुटका आवाज येऊं नये. तोच स्वर हलक्या, मध्यम आणि जोराच्या हातानें वाजवावा. तिन्ही वेळां स्वराचा पोत निराळा आला पाहिजे. मागें लोक उभे आहेत म्हणून संकोचूं नये आणि त्यांना ऐकविण्यासाठीं द्रुत तानाही घेऊं नयेत. निदान अर्धा तास बसावें, कारण कांहीं दोष पेटी पुरती तापल्यावरच डोकें वर काढतात. जुनी पेटी घेत असाल तर हा अर्धा तास एक तासाचा करावा, आणि व्हॉल्व्ह केव्हां बदलले हें विकणाराला विचारावें.

घरीं नेतांना ती मोटारसायकलच्या मागें दोरीनें बांधूं नये. कोरेगांवपर्यंतचा रस्ता एक वेळ ठीक. खड्ड्यांतील प्रत्येक दणका व्हॉल्व्हच्या पायांत जातो. एस्. टी. मध्यें मांडीवर घ्यावी, किंवा कोणाच्या मोटारींत सीटवर उभी ठेवावी. पावसाळ्याचे दिवस असतील तर घरीं पोंचल्यावर दोन-तीन तास कोरड्या खोलींत तशीच राहूं द्यावी. मग स्पीकरची तार जोडलेली आहे ना, व्हॉल्व्ह आपल्या बैठकींत घट्ट आहेत ना, हें पाहून कळ फिरवावी, आणि पहिलीं पांच मिनिटें गिटार हातांत न घेतां नुसतें पाठीमागून पाहावें. नळ्यांतील उजेड मंद आणि स्थिर असला, आंतला पत्रा लाल झाला नाहीं, जळका वास आला नाहीं, म्हणजे गिटार जोडण्यास हरकत नाहीं.